वाळूच्या गावातून काळ्या मातीत
वऱ्हाडात स्थिरावलेल्या मारवाडी समाजाच्या स्थलांतराची कहाणी

खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव या बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या पेठेत दुकानांच्या पाट्यांवर अग्रवाल, राठी, झंवर, चांडक, कोठारी ही आडनावे आढळतात. पाटीमागे बसलेली व्यक्ती अस्सल वऱ्हाडी बोलते, तिचे शिक्षण मराठी शाळेत झालेले असते, आणि तरीही घरातील मुलाचे जावळ काढण्यासाठी, म्हणजे त्यांच्या भाषेत 'जडूला' करण्यासाठी, सारे कुटुंब हजारभर किलोमीटरचा प्रवास करून राजस्थानातील एखाद्या लहानशा गावी जाते. वाळवंटाच्या कडेवरील त्या गावांतून ही माणसे इतक्या दूर कशी आली, आणि आल्यावर टिकली कशी, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

प्रथम नावाविषयी. मारवाड म्हणजे काटेकोर अर्थाने जोधपूरचे जुने संस्थान. परंतु महाराष्ट्रात ज्यांना सरसकट मारवाडी म्हटले जाते, त्यांच्यापैकी अनेकांची मूळ गावे शेखावाटी व बिकानेर या भागांत आहेत. सीकर, झुंझुनू, चुरू, फतेहपूर, नवलगड ही तेथील काही नावे. पाऊस बुलढाण्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पाणी विहिरीत खोल, म्हणून पावसाचा थेंब न् थेंब कुंडात साठवून वर्षभर पुरवायचा, ही तेथील रीत. अशा मुलखात शेतीवर कुटुंब पोसणे कठीण असल्याने व्यापार हाच आधार होता. गुजरातच्या बंदरांपासून दिल्ली-मुलतानपर्यंत चालणारे उंटांचे तांडे या गावांवरून जात. एकोणिसाव्या शतकात व्यापाराच्या वाटा बदलल्या, समुद्रमार्ग व पुढे लोहमार्ग प्रबळ झाले आणि तांडे ओसरले. व्यापाऱ्यापुढे दोनच पर्याय उरले: गावात राहून कमी होत जाणे किंवा 'दिसावर' गाठणे. दिसावर म्हणजे पोटासाठी गाठलेला दूरदेश.

वऱ्हाड हे असे दिसावर होण्यास कारणे होती. १८५३ मध्ये निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला. पुढे रयतवारी पद्धतीने जमिनीची मोजणी व आकारणी झाली. सारा रोखीने भरायचा आणि पीक हाती येण्याआधीच पैसा लागायचा, अशा स्थितीत उसनवारी देणाऱ्याला गावोगाव स्थान निर्माण झाले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून येणारा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतील कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. भुसावळहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा सुरू झाला व त्याच्या उद्‌घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा पाहुणा, यावरून त्या काळी खामगावच्या कापूसपेठेचे महत्त्व ध्यानी यावे. घाटावरचा कापूस बैलगाड्यांनी घाटाखाली उतरायचा, सरकी काढून त्याच्या गाठी बांधल्या जायच्या आणि रेल्वेने मुंबईकडे रवाना व्हायच्या. या साखळीत अडत्या, दलाल, सावकार, मुनीम अशा अनेक माणसांची गरज होती.

ही माणसे आली ती केवळ धाडसाच्या बळावर नव्हे. 'एक लोटा आणि एक दोरी घेऊन आला' असे पूर्वजाविषयी अनेक घरांत अभिमानाने सांगितले जाते. त्यात तथ्य असेलही. परंतु लोटा-दोरीबरोबर एक अदृश्य शिदोरीही असे, ती म्हणजे ओळखीची. आधी आलेला नातलग किंवा गावकरी नव्या मुलाला आपल्या पेढीवर ठेवून घेई. एकट्या पुरुषांसाठी सामाईक भोजनाची सोय असे, तिला 'बासा' म्हणत. तेथे राहण्या-जेवण्याची भ्रांत मिटे. मुलगा आधी झाडलोट करी, मग वही लिही, मग वसुलीला जाई. विश्वासू ठरलेल्या मुनिमाला नफ्यात वाटा मिळे आणि काही वर्षांनी त्याच पेढीच्या पतीवर तो स्वतःचे दुकान मांडी. रोकड जवळ बाळगण्याऐवजी हुंडी चाले, हिशेब मुडिया लिपीत राहत आणि जामीन म्हणून घराण्याचे नाव पुरे होई. ज्याने शब्द मोडला त्याची बातमी मूळ गावी पोहोचे, आणि तिकडे त्याच्या बहिणीचे लग्नही अडे. पत टिकवण्याचा हा धाक कायद्यापेक्षा कमी नव्हता.

दत्तकविधान हाही स्थलांतराचाच एक मार्ग होता. दूरदेशी पेढी उभी राहिली, पण वारस नाही, अशा वेळी मूळ मुलखातून मुलगा आणला जाई. सीकरजवळील काशी का बास येथे १८८९ मध्ये जन्मलेले जमनालाल बजाज बालपणीच वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घरी दत्तक आले. पुढे त्यांच्याच आग्रहामुळे महात्मा गांधींचा मुक्काम वर्ध्यास झाला.

या व्यवस्थेची किंमतही होती. पहिल्या पिढ्यांतील पुरुष एकटेच येत आणि काही वर्षांच्या 'मुसाफिरी'नंतर काही महिन्यांसाठी घरी परतत. दिसावरातून आलेल्या पैशावर शेखावाटीत चित्रांनी मढवलेल्या हवेल्या उठल्या, परंतु त्यांत राहणाऱ्या स्त्रियांचे आयुष्य वाट पाहण्यात सरले. त्यांपैकी कित्येक हवेल्या आज राखणदाराच्या भरवशावर उभ्या आहेत. दुसरी किंमत शेतकऱ्याने मोजली. सावकारी केवळ मारवाड्यांचीच होती असे नाही, स्थानिक सावकारही होते. मात्र बाहेरून आलेल्याच्या हाती गावची जमीन जाऊ लागली की रोष त्याच्यावर अधिक तीव्र होई. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यात पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी मारवाडी-गुजर सावकारांच्या घरांतून कर्जखते काढून जाळली आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ती घटना वऱ्हाडातील नसली, तरी रोखीचा सारा, कर्ज आणि गहाण जमीन हे चक्र येथेही परिचयाचे होते. 'मारवाडी' या शब्दाला मराठीत जी कडवट छटा आली, तिचे मूळ या व्यवहारात आहे.

परकेपण मग कमी कसे झाले? रेल्वेने प्रवास सुकर केला. १८८० च्या दशकात अजमेरहून रतलाम, इंदूरमार्गे खंडव्यास पोहोचणारा लोहमार्ग उपलब्ध झाला आणि खंडव्याहून भुसावळमार्गे मलकापूर जवळ आले. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा 'छप्पनिया' दुष्काळ राजस्थानच्या स्मरणात अजून आहे. त्या वर्षाने वऱ्हाडालाही सोडले नाही. पुरुषांपाठोपाठ कुटुंबे आली, मुले येथे जन्मली, वृद्धांचे अंत्यसंस्कार येथे झाले. खारपाणपट्ट्यातील मचूळ विहिरी पाहून शेखावाटीतून आलेल्या गृहिणीला माहेरची आठवण झाली असल्यास नवल नाही.

शेगावचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज प्रथम दृष्टीस पडले ते बंकटलाल अग्रवाल या तरुणाच्या, आणि महाराजांना प्रथम आश्रय मिळाला तोही त्याच्याच घरी. वऱ्हाडच्या सर्वांत मोठ्या श्रद्धास्थानाच्या कथेत एक अग्रवाल घर आरंभीच उभे आहे, आणि पारायण करणाऱ्या कोणत्याही मराठी भाविकाला त्यात वेगळे असे काही वाटत नाही. पुढे शेजारच्या अकोल्यात ब्रिजलाल बियाणी 'विदर्भकेसरी' म्हणून मान्यता पावले आणि महाविदर्भाच्या मागणीचे नेतृत्व त्यांनी केले.

आज प्रवाहाची दिशा बदलली आहे. बुलढाणा जिल्ह्यातील तरुण शिक्षण-नोकरीसाठी पुणे-मुंबईची वाट धरतात, व्यापारी घरांतील मुलेही त्यात आहेत. त्यांच्याजवळ पदवी असते, भ्रमणध्वनी असतो, प्रवास एका रात्रीचा असतो. परंतु पहिल्या महिन्याचे जेवण, राहण्याची जागा आणि अनोळखी शहरात आपल्यासाठी शब्द टाकणारा माणूस ही गरज दीडशे वर्षांपूर्वीइतकीच खरी आहे. बासा ती भागवीत असे. गावाने, ज्ञातीने किंवा माजी विद्यार्थ्यांनी शहरात चालवलेली वसतिगृहे हे त्याचेच आजचे रूप. जेथे ती आहेत तेथे गरिबाचा मुलगाही टिकतो आणि जेथे नाहीत तेथे हुशार मुलगाही सहा महिन्यांत परततो. मुलगा बाहेर पाठवताना घरच्यांनी शुल्काच्या हिशेबाबरोबर हाही हिशेब मांडलेला बरा.