गाळून टाकलेला मासा

“जपानला जाऊन आलात, पण खाल्लंत काय?” परत आल्यापासून हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की उत्तर एकदाच लिहून काढावे असे वाटले.

माझी धाकटी बहीण आणि मी, आम्ही दोघीही व्हीगन. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच. पण दूध, दही, तूप आणि मधही नाही. मासळीवर पोसलेल्या देशात आम्ही बारा दिवस राहणार म्हटल्यावर आईने चिवडा आणि दाण्याची चटणी भरून निम्मी बॅग अडवली होती.

तोक्योचे पहिले दर्शन घडले ते शिंजुकु स्थानकात. जगातील सर्वांत गजबजलेले स्थानक अशी त्याची ख्याती. बाहेर पडण्याच्या वाटाच दोनशेच्या आसपास. दादरच्या पुलावर वाढलेल्या माणसाला गर्दीचे भय नसते. पण ही गर्दी बोलतच नव्हती! खच्चून भरलेल्या डब्यातही शांतता. सरकत्या जिन्यावर सगळे मुकाट्याने डावीकडे उभे (पुढे ओसाकात पाहिले, तर तिथे उजवीकडे). रस्त्यावर कचरा नाही, आणि गंमत अशी की कचऱ्याच्या पेट्याही जवळजवळ नाहीत. १९९५ साली तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांतील बऱ्याच पेट्या काढून टाकण्यात आल्या. आपला कचरा आपण घरी न्यायचा. भाजलेल्या रताळ्यांच्या साली पिशवीत बांधून आम्हीही दिवसभर हिंडलो.

खाण्याच्या बाबतीतही सारा कारभार उघडा वाटला. खानावळीच्या दर्शनी काचेत प्रत्येक पदार्थाची हुबेहूब प्रतिकृती मांडलेली असते. पूर्वी ती मेणाची करीत, आता प्लॅस्टिकची करतात. ती पाहायची, दाराशी असलेल्या यंत्रात पैसे टाकायचे, चिठ्ठी घ्यायची आणि आत द्यायची. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया. त्यांच्या वाडग्यात कांद्याची पात आणि तळलेल्या तोफूचा तुकडा एवढेच दिसत होते. आम्ही फोनवरील भाषांतराच्या साहाय्याने विचारायचो, “मांस नाही ना? मासा नाही ना?” समोरून हसून उत्तर यायचे, “नाही, नाही.” तीन दिवस आम्ही निर्धास्तपणे जेवलो.

चौथ्या दिवशी एका लहानशा दुकानात चुलीसमोरच बसायला जागा मिळाली. एक आजीबाई स्वयंपाक करीत होत्या. त्यांनी उकळत्या पाण्यात रंध्याखालून निघालेल्या लाकडाच्या पापुद्र्यांसारखे काहीतरी मूठभर टाकले, थोड्या वेळाने पाणी गाळले आणि चोथा बाजूला काढला. त्याच पाण्यात आमच्या शेवया पडल्या. बहिणीने फोन पुढे करून विचारले. आजींचे उत्तर पडद्यावर उमटले: “मासा नाही. फक्त दाशी.”

ते पापुद्रे कात्सुओबुशीचे होते. कात्सुओ हा ट्यूनाच्या कुळातला मासा. तो उकडून, धुरावून, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि मग किसतात. हा कीस आणि कोम्बु नावाचे समुद्रशेवाळ यांचे पाणी म्हणजे दाशी. मिसो हे मूळचे सोयाबीनचे, पण त्याचे सार दाशीत करतात. सोबा हे बकव्हीटचे, म्हणजे कुट्टूचे, पण ज्यात बुडवून खायचे ते पाणी दाशीचे. भाज्याही दाशीतच शिजतात.

“ताई, मग तीन दिवस आपण काय खाल्लं?” बहिणीने विचारले. तिचे डोळे भरून आले होते. मला आधी रागच आला. आम्हाला फसवले असे वाटले. पण त्या आजींच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. त्यांच्या दृष्टीने मासा गाळून टाकला होता. वाडग्यात मासा नव्हताच.

असे का व्हावे, याचे उत्तर थोडे इतिहासात सापडते. ६७५ साली सम्राट तेम्मु यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर बंदी घातली. पुढेही बौद्ध प्रभावाखाली मांसाहार शतकानुशतके निषिद्ध मानला गेला. १८७२ साली खुद्द सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा वारे उघडपणे फिरले. परंतु त्या पहिल्या बंदीत मासा नव्हता. मांसासाठी जो ‘निकु’ शब्द आहे, त्यात आजही सहसा मासा धरत नाहीत. मग माशाचे पाणी कुठून धरणार?

दुधाची मात्र तेथे आम्हाला फारशी अडचण आली नाही. जुन्या जपानी स्वयंपाकात दूध-तुपाला जवळजवळ स्थानच नाही. शिवाय पाकीटबंद पदार्थांवर दूध आणि अंडी यांचा उल्लेख करणे कायद्याने बंधनकारक आहे, कारण कित्येकांना त्यांचे वावडे असते. कात्सुओ त्या यादीत नाही. त्याचा अर्क घटकांच्या बारीक अक्षरांत शोधावा लागतो.

पुढे आम्ही प्रश्नच बदलला. “मासा आहे का?” असे न विचारता “दाशी कशाची?” असे विचारू लागलो. कात्सुओ नको, कोम्बु चालेल. कोम्बुला चव नाही असे कोणी समजू नये. १९०८ साली किकुनाए इकेदा या तोक्योच्या प्राध्यापकांनी कोम्बुमधूनच ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले.

शेवटचे दोन दिवस कोयासान या डोंगरावरील मठात राहिलो. ८१६ साली कुकाई या आचार्यांना हा डोंगर मठासाठी मिळाला. तेथील भिक्षूंच्या स्वयंपाकाला शोजिन र्‍योरी म्हणतात. त्यात मांस-मासे नाहीत आणि आपल्या चातुर्मासाप्रमाणे कांदा-लसूणही नाही. दाशी कोम्बुची आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची. तिळाचे तोफू जिभेवर विरघळले, तेव्हा बहीण प्रथमच निश्चिंत मनाने हसली.

त्या रात्री मला आमची आत्या आठवली. आम्ही दूध-तूप सोडले, तेव्हापासून तिच्याकडे जेवायला गेलो की हमखास भांडण होते. “अगं, तूप कुठे घातलंय? वरणावर नुसती धार सोडली,” असे ती म्हणते, आणि ती मुद्दाम करते असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललो होतो. पण तिला तूप दिसतच नाही, जशी त्या आजींना दाशी दिसत नव्हती. जे रोज खाल्ले जाते ते पदार्थ राहत नाही, त्याचे पाणी होते. आम्ही व्रत सोडलेले नाही, सोडणारही नाही. पण आल्या आल्या आत्याकडे गेलो, स्वयंपाकघरात तिच्या शेजारी उभ्या राहिलो आणि फोडणी कशाची ते आधीच विचारले. या खेपेला भांडण झाले नाही.