जपानी बोली आणि आपला कापडबाजार

वऱ्हाडचा कापूस जपानला जाणे ही नवी गोष्ट नाही. 1893 साली निप्पॉन युसेन कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई-कोबे जहाजे सुरू केली. त्यानंतर 'ऊमरा' नावाने ओळखला जाणारा आपल्या भागातला आखूड धाग्याचा कापूस तिकडच्या गिरण्यांत जाऊ लागला. माल गेला, पण बोली आपल्या बाजारात आली नाही. आज शेजारच्या अजिंठ्याला जपानी पाहुणे येतात, आणि 2021 च्या करारानंतर आपल्या कारागीर मुलांना तिकडे कामाची वाटही उघडली आहे. तेव्हा ही भाषा अवघड म्हणून सोडून देणे परवडणारे नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकलेले. आम्हाला जपानी व्याकरण परके वाटले नाही. इंग्रजीत क्रियापद मधे घुसते. जपानीत ते आपल्यासारखे शेवटी येते. 'नुनो ओ काइमास' म्हणजे कापड घेतो. नुनो कापड, काइमास घेणे, आणि मधला 'ओ' कर्माची खूण, उर्दूतल्या 'को'सारखी. 'मोमेन नो नुनो' म्हणजे सुताचे कापड. 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे. प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का' लावा: 'इकुरा देस का?', कितीला आहे? मराठीतला 'येता का?' आठवावा. त्यात घेतो-घेते, गेला-गेली ही भानगडच नाही, एकच रूप सर्वांना चालते. कापडाच्या ठाणाला तिकडे 'तान' म्हणतात, आपले थानच जणू! आपल्या छापील कापडाला 'सारासा' हे नाव तर तिथे शतकांपासून रुळले आहे.

खरी मेख आकड्यांत आहे. त्यांच्याकडे लाख-कोटी नाहीत, मोजणी दहा हजारांच्या 'मान'ने होते. 'ज्यू मान' म्हणजे एक लाख, 'हयाकु मान' म्हणजे दहा लाख, आणि 'इचि ओकु' म्हणजे दहा कोटी. येनचा भाव ऐकताना एक शून्य इकडे-तिकडे झाले की नफा गेलाच.

वाक्प्रचार मात्र मजेचे. ओळखीपाळखी खूप असणाऱ्याचा 'चेहरा रुंद' असतो: 'काओ गा हिरोइ'. गुपित राखणाऱ्याचे तोंड कठीण, 'कुचि गा काताइ', बडबड्याचे हलके. ईदच्या आधल्या आठवड्यात आपल्या दुकानांत जी धांदल असते तिला जपानी माणूस म्हणेल, 'नेको नो ते मो कारिताइ', मांजराचा पंजाही उसना मिळाला तर बरे! आणि चिकाटीसाठी 'इशि नो उए नि मो सान्नेन', थंड दगडावरही तीन वर्षे बसले की तो ऊबदार होतो.

एक वाक्य मात्र प्रत्येक व्यापाऱ्याने पाठ करावे: 'कांगाएते ओकिमास'. शब्दशः अर्थ 'विचार करून ठेवतो', पण सौद्यात बहुतेक वेळा तो नम्र नकार असतो. तोंडावर 'नाही' म्हणणे तिकडे रूक्ष समजतात. आपल्याकडे गिऱ्हाईक 'बघून सांगतो' म्हणते तसेच हे. यावर विसंबून माल बांधून ठेवणारा, रंगाऱ्याला आगाऊ देणारा, अडकलाच. होकार हवा असेल तर माप, तारीख आणि रक्कम कागदावर येईपर्यंत थांबावे.

शिकायचे कुठे? पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ येथे जपानी शिकवतात. जेएलपीटी परीक्षा जुलै व डिसेंबरमध्ये होते. एन-5 ही सर्वांत सोपी पायरी. कुशल कामगार म्हणून जायचे तर साधारण एन-4 इतकी भाषा लागते. मुलाला दहावी-बारावीनंतर रिकामे बसवण्यापेक्षा आधी हिरागाना-काताकानाची अक्षरे गिरवायला लावावीत. दोन्ही मिळून पाऊणशेच्या वर मूळ चिन्हे आहेत, आणि उजवीकडून लिहिण्याची सवय असलेल्या आमच्यासारख्यांनाही ती महिना-दोन महिन्यांत हाताला बसतात.