हमी कोणाची?

वस्तू विकत घेताना आपण दुकानदाराला एक प्रश्न हमखास विचारतो, "याची गॅरंटी आहे का?" दुकानदार होकार देतो, पावतीवर शिक्का मारतो आणि आपण निश्चिंत होतो. या होकाराला मराठीत 'हमी' म्हणतात. वस्तू ठरावीक काळात बिघडली तर ती दुरुस्त करून देऊ किंवा बदलून देऊ, असे ते वचन असते. ते ज्या कागदावर लिहिलेले असते, त्याला हमीपत्र म्हणतात. 'वॉरंटी' हा इंग्रजी शब्दही आता सर्वांच्या तोंडी आहे.

एखाद्याने कर्ज घेतले, की त्याच्यासाठी दुसरा माणूस जबाबदारी घेतो. त्याला मराठीत 'जामीन' म्हणतात. उर्दूतील 'ज़ामिन' तो हाच. जामीन शक्यतो ओळखीचा आणि जवळ राहणारा पाहतात. कारण वेळ आली, तर त्याच्या दारात जाऊन जाब विचारता येतो. हमीचेही तसेच आहे. हमी देणारा आपल्याला गाठता आला, तरच त्या हमीला किंमत असते.

आज मोबाइलवर बोट ठेवले, की परदेशातील विक्रेत्याकडूनही वस्तू मागवता येते. कधी ती स्वस्त असते, तर कधी आपल्याकडे मिळत नाही म्हणून लोक ती मागवतात. वस्तू घरी येते. पण बिघडली तर परत कशी पाठवायची, याचा विचार फार थोडे लोक करतात.

एक उदाहरण पाहू. समजा, मालेगावात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी परदेशातून विजेवर चालणारे शिलाई मशीन मागवले. गावात तसे मशीन 14,000 रुपयांना मिळते. त्यांना ते सर्व खर्च धरून 10,000 रुपयांना पडले. जाहिरातीत 'दोन वर्षांची वॉरंटी' असे लिहिले होते. चार महिन्यांनी मोटर बंद पडली. विक्रेत्याने कळवले, "मशीन तुमच्या खर्चाने आमच्याकडे पाठवा. आम्ही तपासून सांगू." मशीन सात-आठ किलो वजनाचे. ते पाठवण्याचा खर्च 4,000 रुपये धरला, तर वाचलेले सगळे पैसे संपले! शिवाय दुरुस्त झालेले मशीन परत येताना कस्टमला कागदपत्रे दाखवावी लागतात. ती अपुरी असतील, तर सीमाशुल्क पुन्हा भरण्याची वेळ येऊ शकते. हे सारे होईपर्यंत काम बंद. त्यातच ईद तोंडावर आलेली असेल, तर हातचे गिऱ्हाईक जाते ते वेगळेच. हमी खोटी नव्हती. पण ती त्यांच्या उपयोगी पडली नाही.

अशा खरेदीत आणखीही अडचणी असतात. अनेक कंपन्यांची हमी ज्या देशात वस्तू विकली त्या देशापुरतीच असते. कंपनीचे नाव मोठे असले आणि आपल्या शहरात तिचे दुरुस्ती केंद्र असले, तरी परदेशात विकलेली वस्तू तेथे मोफत दुरुस्त होईलच असे नाही.

दुसरी अडचण विजेची. भारतात घरातील वीज 230 व्होल्टची असते. अमेरिकेत ती 120 व्होल्टची, तर जपानमध्ये 100 व्होल्टची असते. तेथील विजेसाठी बनवलेले यंत्र थेट आपल्या प्लगमध्ये लावले, तर ते जळू शकते. 'चुकीच्या वापरामुळे बिघाड झाला' असे म्हणून विक्रेता हात वर करतो. यंत्रावर '100-240 व्होल्ट' असे लिहिले असेल, तर मात्र ते दोन्हीकडे चालते.

तिसरी अडचण बॅटरीची. मोबाइल आणि पॉवर बँक यांत लिथियम बॅटरी असते. बिघडलेली किंवा फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती विमानाने पाठवण्यास मनाई आहे. मग ती परत पाठवणार कशी?

ग्राहकाच्या संरक्षणासाठी आपल्या देशात 1986 साली कायदा झाला. त्याच्या जागी 2019 चा नवा कायदा आला व तो 2020 मध्ये लागू झाला. या कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. ऑनलाइन विक्रीचे नियमही 2020 मध्ये झाले. भारतातील ग्राहकांना नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही ते लागू आहेत. तरीही ज्या विक्रेत्याचे भारतात कार्यालय नाही, त्याच्याकडून प्रत्यक्ष पैसे वसूल करणे फार कठीण जाते. कायदा आपल्या बाजूने असला, तरी हात तेथवर पोहोचला पाहिजे.

म्हणून परदेशातून वस्तू मागवण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. विक्रेत्याचे पूर्ण नाव व पत्ता दिला आहे का? हमी भारतात चालते का? दुरुस्ती कोठे होईल? परत पाठवण्याचा खर्च कोण करील? या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. पावती, जाहिरातीचे चित्र आणि आलेली उत्तरे जपून ठेवावीत. उत्तरे मिळाली नाहीत, तर हमी नाही असेच समजावे आणि मग ती किंमत खरोखर स्वस्त आहे का, याचा हिशेब करावा.

इतके करूनही फसवणूक झाली, तर गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद, भांडण. मराठीत मात्र 'तक्रार' म्हणजे शिकायत. ती करणे म्हणजे भांडणे नव्हे. तो ग्राहकाचा हक्क आहे. पण तक्रारीची वेळच येऊ नये असे वाटत असेल, तर हमीपत्रावर किती वर्षे लिहिली आहेत, हे पाहण्याआधी ती हमी देणारा कोठे बसला आहे, हे पाहावे.