कललेलं क्षितिज

वांद्र्याच्या किनाऱ्यावरून दिवसा पश्चिमेकडे पाहिलं की आकाश आणि समुद्र यांच्यामधली रेघ ठळक दिसते. अंधार पडला की ती पुसली जाते. १ जानेवारी १९७८च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं ते याच काळोखाच्या दिशेने. उड्डाणानंतर दोन मिनिटंही झाली नव्हती, तोच ते समुद्रात कोसळलं. आतल्या २१३ जणांपैकी एकही वाचला नाही.

इंजिनं ठीक होती, स्फोट झालेला नव्हता. बिघडलं होतं ते कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज. या तबकडीत वर आकाश, खाली जमीन आणि मधोमध विमानाची छोटी खूण असते. खरं क्षितिज दिसत नसेल तेव्हा विमान कुठे कललंय हे तीच सांगते. त्या रात्री उजवीकडचं हलकं वळण संपून विमान सरळ झालं, पण कॅप्टनच्या तबकडीतली रेघ कललेलीच राहिली. विमान अजून उजवीकडे झुकलंय असं समजून त्यांनी ते डावीकडे वळवलं. मग आणखी डावीकडे, पार ९० अंशांच्याही पलीकडे.

पण एवढं मोठं विमान आडवं होताना शरीराला कळत कसं नाही? फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी एका संथ गतीने फिरवायला सांगा. दहा-वीस सेकंदांत आपण थांबलो आहोत असं वाटू लागतं. खुर्ची खरोखर थांबली की उलट्या दिशेने फिरल्याचा भास होतो. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव गतीतला बदल तेवढा ओळखतो, सततची गती ओळखत नाही. म्हणून काळोखात उडणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो हा : शरीरावर नको, उपकरणावर विश्वास ठेव. त्या रात्री नेमकं उपकरणच चुकीचं होतं, आणि चुकीचं दाखवणारं उपकरण आपण चुकतोय हे स्वतः सांगेलच असं नाही. माझ्या मते या अपघातातली सगळ्यांत भयंकर गोष्ट तीच आहे.

यावर उपाय एकच, ताडून पाहणं. कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांसमोर दोन क्षितिजं असतात आणि मधे तिसरं, राखीव. दोन जुळतात, एक जुळत नाही, तर ते एक सोडायचं आणि ज्याचं उपकरण बरोबर त्याने विमान हाती घ्यायचं. आजच्या विमानांत संगणक हा मेळ सतत घालतो आणि फरक पडला की पडद्यावर इशारा देतो.

वेळ हाताशी असेल तर बरंच काही निभावतं. ११ सप्टेंबर २०१८ला दिल्लीहून न्यूयॉर्कला पोहोचलेल्या एअर इंडियाच्या बोइंग ७७७ची टक्कर टाळणारी यंत्रणा बंद पडली, ढगांतून धावपट्टीपर्यंत नेणारे आयएलएसचे संकेतही मिळेनात. ढग खाली आलेले, इंधन कमी होत चाललेलं. वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला एकेक बिघाड स्पष्ट सांगितला, दुसरा विमानतळ शोधला आणि ३७० जणांना घेऊन नेवार्कला सुखरूप उतरले.

१९७८च्या कॉकपिटमध्येही ताडून पाहणारा एक माणूस होता, तिसऱ्या खुर्चीवरचा फ्लाइट इंजिनिअर. आजच्या नव्या विमानांत ती खुर्चीच उरलेली नाही. कॅप्टनची तबकडी चुकतेय हे त्याच्या लक्षात आलं होतं. तिच्यावर जाऊ नका, हे सांगणारा त्याचा आवाज रेकॉर्डरवर आहे, आणि पुढे काही सेकंदांत ध्वनिमुद्रण थांबतं.