चालकाविना धावणारी गाडी

स्वयंचलित वाहनांची बाजारपेठ जगभर विस्तारत आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात चालकाविना टॅक्सी प्रवाशांची ने-आण करतात. आपल्याकडे हे तंत्र प्रथम रुळांवर आले. २८ डिसेंबर २०२० रोजी दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गिकेवर जनकपुरी पश्चिम ते नोएडातील बोटॅनिकल गार्डन अशी देशातील पहिली चालकरहित मेट्रो धावली. स्वतंत्र रूळ व संगणकीय नियंत्रण यांमुळे ते साधले. रस्त्यावर मात्र पादचारी, रिक्षा व जनावरे यांची सरमिसळ असते. शिवाय प्रश्न रोजगाराचा आहे. चालकांचे काम हिरावणाऱ्या अशा मोटारींना भारतात परवानगी देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये स्पष्ट केले होते. टॅक्सीसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता चालकाच्या कमाईतूनच फिटतो. बँकेला या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.