गावाने उभी केलेली शाळा

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याचे डोंगर थेट नर्मदेत उतरतात. मणिबेली, चिमलखेडी, डनेल, निमगव्हाण, डोमखेडी ही तिथली गावे. एकेक गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेले सात-आठ पाडे, आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला एक चढ आणि एक उतार. 1990 च्या आसपास यातल्या कित्येक गावांत शाळा होती ती सरकारी दप्तरात. गुरुजींची नेमणूक होती, पगार निघत होता, पण डोंगर चढून वर्ग भरवायला येणारे विरळाच. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाने महाराष्ट्रातल्या 33 गावांवर बुडिताची रेघ ओढली, तेव्हा मोजणीदार मात्र या पाड्यांवर वेळेवर पोहोचले.

मुलांना शिकवायचे तर आपणच शिकवायचे, हा निर्णय त्या काळात झाला. 1990 च्या डिसेंबरात या धरणाला विरोध करणाऱ्या नर्मदा बचाव आंदोलनाची पदयात्रा निघाली. गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला ती अडवली गेली आणि आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर व त्यांचे सहकारी तिथेच दीर्घ उपोषणाला बसले. यात्रा परतली ती 'हमारे गाँव में हमारा राज' ही घोषणा घेऊन. आपल्या गावात आपले राज्य म्हणायचे, तर त्या राज्यातली पहिली गोष्ट काय असावी? लोकांनी शाळा निवडली. 1991-92 च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाणला लोकांच्या या पहिल्या शाळा, म्हणजे जीवनशाळा, सुरू झाल्या. पुढे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या बुडित गावांत मिळून त्यांची संख्या डझनाच्या आसपास गेली.

ही शाळा उभी राहिली श्रमदानातून. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, वर कौले. पाडे दूरदूर असल्याने आणि पावसाळ्यात ओढे फुगल्यावर वाट बंद होत असल्याने शाळा निवासी ठेवली. दिवसा जिथे वर्ग भरतो तिथेच रात्री मुले झोपतात. धान्याचा एक वाटा गावाने द्यायचा, बाकीचा खर्च मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंतच्या समर्थकांच्या देणग्यांतून भागवायचा. इयत्ता पहिली ते चौथी, शिक्षण मोफत.

शिक्षक कोण, हा प्रश्न या शाळांनी ज्या रीतीने सोडवला त्यातच त्यांचे खरे मोल आहे, असे मला वाटते. बाहेरून पदवीधर आणण्याऐवजी त्याच खोऱ्यातली थोडीफार शिकलेली तरुण पोरे निवडली गेली. कुणी सातवी-आठवीपर्यंत आश्रमशाळेत राहून आलेले, कुणी दहावीला अडकलेले. त्यांना शिबिरांतून तयार केले गेले. त्यांच्याकडे बाहेरच्या गुरुजींकडे नसलेली एक गोष्ट होती: मुलाशी बोलता येणे. अक्राणी तालुक्यात, धडगावच्या बाजूला, पावरी बोलतात, अक्कलकुव्याच्या बाजूला भिलोरी. सहा वर्षांचे मूल पहिल्या दिवशी वर्गात येते तेव्हा मराठी त्याने बाजारात कानावर पडली असेल तेवढीच ऐकलेली असते. पाठ्यपुस्तकातले चित्र आपल्या घरातले नाही, शब्द आपल्या आईचे नाहीत आणि गुरुजींचे रागावणेसुद्धा कळत नाही, अशा वर्गात ते मूल गप्प बसते आणि मग 'ढ' ठरते. जीवनशाळेत पहिली ओळख त्याच्याच बोलीतून होते. पावरी आणि भिलोरीत अक्षरओळखीची आणि गोष्टींची पुस्तके याच कामातून तयार झाली. म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या कथा शिक्षकांनी लिहून घेतल्या. मराठी मागोमाग येते, आणि राज्याचा नेहमीचा अभ्यासक्रमही शिकवला जातो, कारण चौथीची परीक्षा सगळ्यांसारखीच द्यायची असते.

त्याशिवाय जे शिकवले जाते ते कुठल्या छापील अभ्यासक्रमात सापडणार नाही. कोणते झाड कशाला उपयोगी पडते, महू आणि चारोळी कधी वेचायची, नदी कुठून येते आणि तिच्यावर काय बांधले जात आहे, ग्रामसभा म्हणजे काय. गांधीजींनी 1937 मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली तेव्हा हात, डोके आणि भोवतालचे जीवन यांची सांगड घालण्याचाच आग्रह धरला होता. सातपुड्यात ती सांगड कुणाला ग्रंथ वाचून घालावी लागली नाही. हे मूल शाळेत येण्याआधीच शेळ्या राखून, मासे धरून, ज्वारी राखून आलेले असते. ते ज्ञान हिशेबात धरले एवढेच शाळेने केले, पण तेवढे करणाऱ्या शाळा अजून किती आहेत?

'लडाई-पढाई साथ साथ' ही इथली घोषणा. तिच्यावर आक्षेपही घेतला जातो: चिमुकल्यांच्या तोंडी आंदोलनाच्या घोषणा कशाला? प्रश्न गैर नाही, पण तो विचारताना त्या मुलांनी काय पाहिले हेही पाहायला हवे. 1993 मध्ये मणिबेलीत पाणी शिरले. पुढे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली, 18 ऑक्टोबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बांधकामाला पुन्हा वाट मिळाली, आणि 2019 च्या सप्टेंबरात जलाशय 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला भरला. या सगळ्या वर्षांत शेत गेले, घर वर सरकवले, शाळाही वर सरकवली. काही गावांतली माणसे तळोदा आणि शहादा तालुक्यांतल्या पुनर्वसन वसाहतींत गेली, तर काही डोंगरातच राहिली. एका वर्गातली मुले अशी दोन दिशांना पांगली. ज्या मुलाचे घर बुडते आहे त्याला ते का बुडते हे वर्गात सांगायचे नाही, असे ठरवणे मला जास्त अप्रामाणिक वाटते.

सगळ्या जीवनशाळांचा मिळून बालमेळा भरतो तेव्हा या मुलांचे दुसरे रूप दिसते. कबड्डी, खो-खो, धावणे, तिरंदाजी, नाटुकली, ढोलावरचे नाच. पायवाटांवर वाढलेली ही पोरे धावायला लागली की शहरातून आलेला पाहुणा पाहतच राहतो. गेल्या तीन दशकांत हजारो मुले इथून शिकून बाहेर पडली. त्यांतली काही पुढे पदवीपर्यंत गेली, काही नोकरीला लागली, आणि काही जण त्याच शाळांत शिक्षक म्हणून परतले.

चौथीनंतरची वाट मात्र अजून बिकट आहे. पाचवीला आश्रमशाळा गाठायची म्हणजे घर, बोली आणि ओळखीची माणसे एकदमच सुटतात. महाराष्ट्रात आश्रमशाळांची योजना 1970 च्या दशकापासून चालते आणि तिच्यामुळेच या जिल्ह्यातले पहिले अनेक पदवीधर घडले, हे मान्यच करायला हवे. पण बोली न कळणारा वर्ग, गर्दीची वसतिगृहे आणि ऊसतोडीसाठी गुजरातकडे जाणारे आई-बाप या तिन्हींच्या मध्ये मुलांची गळती होते. मुलींची तर अधिकच. धाकट्या भावंडाला कुणीतरी सांभाळायचे असते, आणि ते 'कुणीतरी' बहुतेक वेळा दहा-अकरा वर्षांची बहीण असते. 2011 च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सर्वांत कमी. जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासी जवळजवळ 70 टक्के आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की मागे कोण राहिले ते उघड दिसते.

गावातलेच माणूस नेमले तर काय होते, याचे सरकारी यंत्रणेतलेही एक उदाहरण याच काठावर आहे. 2020 मध्ये टाळेबंदीत चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका स्वतः नाव वल्हवत, सुमारे 18 किलोमीटरचे अंतर कापत बुडितकाठच्या पाड्यांवर बालकांचा पोषण आहार पोहोचवत होती. नदी तिच्या ओळखीची होती, पाड्यांवरच्या आया ओळखीच्या होत्या. बदलीची वाट पाहणाऱ्या परजिल्ह्यातल्या कर्मचाऱ्याकडून हे होणे अवघड.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक शिक्षण शक्यतो मातृभाषेतून द्यावे असे म्हटले आहे. अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकांची पदे स्थानिक आदिवासींमधून भरण्याची तरतूद महाराष्ट्रात 2014 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने केली. पुढे ही भरती न्यायालयीन वादात अडकली. धोरण म्हणून जे आज कागदावर आले, ते नर्मदेकाठच्या लोकांनी कुडाच्या भिंतींत तीस वर्षे करून दाखवले आहे. म्हणून शासनाकडे मागणे साधे आहे. पावरी आणि भिलोरीतली पहिली-दुसरीची पुस्तके सातपुड्यातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत आणि आश्रमशाळेत पोहोचवावीत, ती लिहिण्याच्या कामात जीवनशाळांच्या शिक्षकांना बोलवावे, आणि ज्या पाड्यावर शिकलेला मुलगा किंवा मुलगी आहे तिथल्या शाळेवर आधी त्यांनाच नेमावे.