इमारतीतील अग्निशामक तुषार-यंत्रणेची तपासणी व चाचणी

सांगली जिल्ह्यातील शेतकऱ्याचा माल आता वर्षभर त्याच्या स्वतःच्या घरात राहत नाही. पूर्वी हळद हरिपूर येथील पेवांत साठविली जात असे. जमिनीच्या पोटातील बंद पेवात हवाच खेळत नसल्यामुळे तेथे आगीचे भय जवळजवळ नव्हते. २००५ सालच्या महापुरात अनेक पेवे निकामी झाली. आज हळद व बेदाणा मोठ्या प्रमाणावर गोदामांत व शीतगृहांत ठेवला जातो. शेतमाल तारण योजनेखाली त्या मालावर कर्जही काढलेले असते. अशा गोदामास आग लागल्यास माल जातो व कर्ज मात्र शिल्लक राहते.

सांगली आणि मिरज यांच्यामध्ये वसलेल्या विश्रामबागेशीही ग्रामीण कुटुंबांचा नित्य संबंध येतो. येथे १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय व १९४७ साली आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. शिक्षणासाठी खेड्यांतील मुले-मुली या परिसरात येऊन राहतात. रुग्णालयांसाठीही लोक सांगली-मिरजेस येतात. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत अकरा रुग्णांचा मृत्यू झाला. म्हणून इमारतींतील आगीचा प्रश्न केवळ शहरवासीयांचा आहे, असे ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी समजू नये.

यंत्रणेची रचना

शेतातील तुषार संच शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. इमारतीतील यंत्रणा त्याच जातीची असली, तरी दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. शेतातील तोट्या उघड्या असतात व पंप सुरू होताच सर्व तोट्यांतून पाणी येते. इमारतीत छतालगतच्या नळांत पाणी सदैव दाबाखाली भरलेले असते आणि प्रत्येक तुषारशीर्ष बंद असते. शीर्षाचे तोंड एका लहान काचेच्या कुपीने रोखून धरलेले असते. कुपीतील द्रव उष्णतेने प्रसरण पावतो, कुपी फुटते, झाकण गळून पडते व पाण्याचा फवारा सुरू होतो. कुपीचा रंग तांबडा असल्यास ती सुमारे ६८ अंश सेल्सिअसला फुटते. पिवळी ७९ अंशांस व हिरवी ९३ अंशांस फुटते.

एक शीर्ष फुटले म्हणजे सर्व इमारतीत पाऊस पडतो, ही समजूत चुकीची आहे. जेथे उष्णता पोहोचते तेथीलच शीर्ष उघडते. सामान्य शीर्षातून एक किलो दाबाला मिनिटास सुमारे ८० लिटर पाणी मिळते. आग लहान असतानाच इतके पाणी तिच्यावर पडावे, हा या यंत्रणेचा हेतू होय. ज्या शीतगृहात पाणी गोठण्याचा संभव असतो, तेथे नळांत पाण्याऐवजी दाबाखालील हवा भरलेली असते.

नित्य तपासणी

शेतातील संच रोज चालतो. त्याचा दोष दुसऱ्याच दिवशी पिकावर दिसतो. इमारतीतील संच वर्षानुवर्षे निश्चल उभा असतो. त्याचा दोष तपासणीवाचून कळत नाही, अथवा आगीच्या दिवशीच कळतो. म्हणून पुढील गोष्टी नियमाने पाहाव्यात.

१. मुख्य व्हॉल्व्ह : हा पूर्ण उघडा असून उघड्या स्थितीतच साखळी-कुलपाने बंदिस्त असावा. यंत्रणा ऐन वेळी निकामी ठरण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे दुरुस्तीसाठी बंद केलेला व पुन्हा न उघडलेला व्हॉल्व्ह.

२. दाबमापक : त्यावरील आकडा दर आठवड्यास नोंदवहीत लिहावा. दाब हळूहळू उतरत असल्यास कोठेतरी गळती आहे, असे समजावे.

३. पाण्याची टाकी : आगीसाठी राखलेले पाणी पिण्यास, धुण्यास वा बागेस वापरू नये. उन्हाळ्यात हा मोह विशेष होतो.

४. पंप : विजेचा पंप व डिझेल इंजिन आठवड्यातून एकदा चालवून पाहावे. आगीच्या वेळी वीज खंडित होऊ शकते. म्हणून इंजिनाची बॅटरी व इंधन यांकडे विशेष लक्ष द्यावे.

५. तुषारशीर्षे : शीर्षावर रंग लागलेला असल्यास तो खरवडू नये, शीर्षच बदलावे. शीर्षास दोरी, कपडे वा तोरण बांधू नये. पोत्यांची थप्पी शीर्षाच्या खाली किमान अर्धा मीटर थांबली पाहिजे. थप्पी छतास भिडल्यास फवारा पसरत नाही.

चाचणी

ठिबकचा संच बसविल्यावर जाणता शेतकरी पंपाजवळ उभा न राहता शेवटच्या नळीपाशी जाऊन पाणी पाहतो. इमारतीतील मुख्य चाचणी याच तत्त्वावर आहे. नळांच्या अगदी दूरच्या टोकास एक चाचणी-तोटी असते. तिचे छिद्र एका शीर्षाएवढे असते. ती उघडली असता एक शीर्ष फुटल्यासारखी स्थिती निर्माण होते. दाब उतरावा, पंप आपोआप सुरू व्हावा आणि धोक्याची घंटा वाजावी. तोटी उघडल्यापासून घंटा वाजेपर्यंत किती वेळ लागला, ते लिहून ठेवावे. ही चाचणी दर तीन महिन्यांनी करावी.

दुसरी चाचणी मुख्य निचरा-तोटीवर वर्षातून एकदा करतात. तोटी बंद असतानाचा व पूर्ण उघडी असतानाचा दाब लिहून मागील वर्षाच्या आकड्यांशी ताडून पाहतात. उघड्या तोटीचा दाब दहा टक्क्यांहून अधिक घटल्यास व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा नळांत गाळ साचला आहे, अशी शंका घ्यावी. नळांच्या अंतर्भागाची पाहणी दर पाच वर्षांनी करावी.

चाचणीपूर्वी इमारतीतील लोकांस व अग्निशमन दलास कळवावे. शीर्षाखाली ज्योत धरून त्याची परीक्षा कधीही करू नये. चाचणी संपताच सर्व व्हॉल्व्ह पूर्ववत् आहेत याची खात्री करून नोंदवहीवर सही करावी.

कायदा आणि दक्षता

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत राखण्याची जबाबदारी मालकावर अथवा भोगवटादारावर आहे. साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र ‘नमुना ब’ मध्ये दरवर्षी जानेवारी व जुलै या दोन महिन्यांत सादर करावे लागते.

प्रमाणपत्र आवश्यक आहे, परंतु आग विझते ती पाण्याने. म्हणून गोदामात माल ठेवताना किंवा मुलास वसतिगृहात दाखल करताना शेतकऱ्याने तीन प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत : मुख्य व्हॉल्व्ह कोठे आहे व तो उघडा आहे काय? शेवटच्या टोकाची चाचणी कोणत्या तारखेस झाली? त्या दिवशी घंटा किती वेळात वाजली? ज्या व्यवस्थापकाकडे नोंदवही आहे, त्यास उत्तर देण्यास क्षणाचाही विलंब लागणार नाही. ग्रामसेवकांनी हे तीन प्रश्न गावच्या सभेत समजावून सांगावेत. गावातील गोदामात अशी यंत्रणा नसल्यास पाण्याची भरलेली टाकी, वाळूच्या बादल्या व मुदतीतील अग्निशामक नळकांडी सज्ज ठेवावीत आणि १०१ हा अग्निशमन दलाचा क्रमांक दारावर ठळक लिहून ठेवावा.